नावांची शेड

मार्चचा पहिला सोमवार, वाल्दिव्हिया.
शाळेने हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला
आणि मनगट क्षणभर खाली गेलं.
एकोणीस महिने माझ्याकडे एकही किल्ली नव्हती.
एक कुलूप होतं पाठपिशवीला, आकडे जुळवायचं,
ते ताश्कंदच्या फलाटावर कुणीतरी कापलं.

आता नऊ किल्ल्या:
भूगोलाचा वर्ग, नकाशांचं कपाट,
नदीकाठची शेड, इंजिनाच्या होडीची साखळी...
आणि एक, जिचं कुलूप कुणालाच ठाऊक नाही.
"राहू दे," शेडचे म्हातारे राखणदार एलेउतेरियो म्हणाले,
"फेकली की त्याच संध्याकाळी कुलूप सापडतं."

वर्गात अठ्ठावीस बाकं, सव्वीस मुलं.
हजेरी घेताना जीभ अडखळली,
इतके दिवस नुसते सीट नंबर वाचत आले होते.
मियाराय उएंचुमान. हजर.
येर्को बारिएन्तोस. हजर.
काय शब्द आहे!
प्रवासात कुणी हजर नसतं,
सगळे फक्त भेटतात.

जगाचा नकाशा टांगला तर मागून आवाज,
"प्रोफे, सगळ्यात भारी काय पाहिलंत?"
वाळवंट सांगता आलं असतं, घुमट सांगता आले असते.
तोंडातून निघालं:
हनोईत एका बाईने माझी दाढ उपटली,
मी रडले तर पैसे घेतले नाहीत,
वर पेज पाजली, चमच्याने.
वर्ग हसला. कुठली दाढ, दाखवा.
दाखवली.

मियाराय हसली नाही.
बसची वेळ विचारावी तितक्या साधेपणाने म्हणाली,
"तुम्ही कधी जाणार?"
दोन वर्षांत चार शिक्षक. तिने मोजलेत.
मोजतात ते मागे राहणारे,
हे मला तेव्हा कळलं.
हाच प्रश्न मला दर मुक्कामी कुणी ना कुणी विचारायचं
आणि उत्तर तयार असायचं: उद्या. शुक्रवारी. पाऊल उचललं की.
इथे घंटा झाली म्हणून वाचले.

दुपारी काये-काये नदी, शिसपेन्सिलीच्या रंगाची.
चौघी वल्ह्यांवर, सुकाणूला नाउएल,
वजन एक्केचाळीस किलो, आवाज मात्र बैलाचा.
मी मागून होडीतून ओरडते,
पाठ सरळ! पाण्याला मारू नका, धरा!
चौघींचे चेहरे माझ्याकडे, सुटत्या काठाकडे,
मासळीबाजाराशी लोळणारे समुद्रसिंह
त्यांच्या डोळ्यांत बारीक होत जाणारे.
जायचं तिकडे पाठ.
पुढचं फक्त त्या एवढ्याशा पोराला दिसतं
आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

पुलाखाली फ्रेसियाचं वल्हं अडकलं,
दांडा बरगडीत बसला, नाव कलली.
कुणी किंचाळलं नाही.
पाचही जणांनी माझ्याकडे पाहिलं.
रस्ता विचारायला नाही, भाडं मागायला नाही.
असं कुणी पाहिलं त्याला किती काळ लोटला होता!
मी म्हटलं, "वल्ही पाण्यावर आडवी ठेवा. श्वास घ्या."
दोन्ही गोष्टी मीही केल्या,
वल्ही नसताना.

शेडच्या फळ्यावर नावांची नावं आहेत,
'कोन्दोर', 'ला तेर्का', 'मार्ता दुसरी', सगळी रंगवलेली.
खाली 'प्रशिक्षक', आणि पुढे पुसट पांढरा डाग.
एलेउतेरियोंनी खडू दिला.
"रंग नाही?" मी विचारलं.
"माणसांना खडूच."

लिहिलं. कुलूप लावलं. दोनदा ओढून पाहिलं.
खोलीवर पिशवी अजून बांधलेलीच, दाराशी,
तिला वाटतंय पहाटेची गाडी आहे.

मंगळवारी नदीच्या दमटपणाने
माझ्या नावातलं पहिलं अक्षर खाल्लं होतं.
मियाराय आधीच आलेली, वल्ही पुसत होती,
फळ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत.
मी खडू शोधला,
ते अक्षर पुन्हा काढलं.