सेकंडचा माल

रोज रात्री वहीत लिहायचो:
खोटं बोललो, एकदा.
भावाचा हेवा, दोनदा.
प्रार्थना केली, पण अर्धी झोपेत.
अशा एकवीस वह्या,
आणि बेरीज एकदाही जुळली नाही.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मी तपासनीस.
ट्यूबलाइटखाली टॉवेल पसरायचा.
तुटलेला धागा, सुटलेली गाठ, तेलाचा ठिपका
दिसला की खडूनं फुली.
बाजूच्या ढिगात.
हात इतका सरावला
की माणसंही तशीच उलटून बघू लागलो,
शब्बाथ शाळेतली पोरंसुद्धा.

गेल्या रविवारी नातवाचा बाप्तिस्मा.
नहेम्या, साडेतीन महिन्यांचा,
ना एक चांगलं काम नावावर, ना एक वचन पाठ.
पाळकसाहेबांनी ओंजळ रिकामी केली,
पोर किंचाळलं,
आणि टॉवेल घरीच राहिलेला.

एस्तेरमावशीनं पिशवीतून आपला काढला,
गेटबाहेर किलोवर मिळतो तो.
ओलं डोकं त्यात गुंडाळलं.
पोर गप्प.
काठाशी, धुऊनही पुरती न गेलेली,
माझ्या हातची फुली.

मी मान खाली घातली.
एकविसातली एकही वही आठवेना.

सोमवारी कामावर गेलो.
फुली मारताना हात थांबला नाही;
तेलाचा डाग म्हणजे डागच.
फक्त जेवणाच्या सुट्टीत हमालाला विचारलं,
सतरा वर्षांत पहिल्यांदा,
हा ढीग इथून
कुणाकुणाच्या घरी जातो?