हरकती आणि सूचना

विकास आराखडा भिंतीवर लागला
तेव्हा चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी मीच लावली.
विभाग कार्यालय, घणसोली, पहिला मजला,
सुट्ट्या वगळून तीस दिवस.
पिवळं म्हणजे राहणं, निळं म्हणजे दुकानं,
हिरव्यावर मैदान असं लिहिलेलं,
आणि खाडीच्या कडेनं तुटक लाल रेघ :
नियोजित रस्ता, पंचेचाळीस मीटर.
माझ्या ताब्यात एक रजिस्टर
आणि दोऱ्यानं बांधलेलं पेन.
पहिले नऊ दिवस पेनाला कुणी हात लावला नाही.

मग सोसायटीचे चेअरमन वेणुगोपालन आले,
घरून आणलेल्या फूटपट्टीनं स्वतःची इमारत मोजली.
अर्धा सेंटिमीटर भरली.
‘आम्ही एवढेच?’ म्हणाले, पार्किंगबद्दल दोन पानं लिहून गेले.
रबाळ्याहून रात्रपाळी संपवून प्रज्योत आला,
डोळे लाल, हातात हेल्मेट.
‘अभ्यासिका दाखवलीय,’ म्हणाला,
‘पण ती मागच्या नकाशातही होती.
तेव्हा मी चौथीत होतो.’
भावी नगरसेवक आले ते सात माणसांसह.
नकाशाकडे पाठ करून उभे राहिले, फोटोसाठी.
त्यांच्या खांद्यांमागे अख्खा सेक्टर नऊ झाकला गेला.
व्हिजन हा शब्द ते अकरा वेळा बोलले.
मी मोजलं. मला काम नव्हतं.

चांगुणा मढवी आल्या त्या एकट्या,
चष्म्याची एक काडी दोऱ्याची.
विचारलं, ‘खाडी कोनचे बाजूला?’
मी दाखवली.
त्यांनी बोट ठेवलं ते थेट डोंगरावर
आणि खाली आणत गेल्या
पाणी येतं तसं :
रूळ ओलांडून, गावाच्या तळ्याला वळसा घालून,
पिवळ्यातून, निळ्यातून, कुणाला न विचारता.
लाल रेघेशी बोट थांबलं.

‘हितं पानी उतरतं.
ह्याची उघाडी कुठं हाय?’

मी सूचीत शोधलं.
अग्निशमन केंद्राला खूण होती, स्मशानाला होती,
हेलिपॅडलासुद्धा होती.
उघाडी नव्हती.

मग त्याच सांगत बसल्या, माझ्या खुर्चीत.
बांधातलं लाकडी दार ते.
ओहोटीला उघडतं, आतलं पाणी सोडून देतं,
भरतीला समुद्रच त्याला ढकलून लावतो.
आणि बांधाला खांड पडली तर?
‘मंग जो आधी बगल त्यो वरडायचा.
समदी गोन्या न् फावडी घेऊन धावायची.
त्या राती त्यो पुढारी.’
आणि सकाळी?
‘सकाली काय? सकाली त्याचे पायाला पन चिखल.’

अनुक्रमांक दोनशे बारा.
हरकतीचे स्वरूप : उघाडी दर्शविलेली नाही.
अंगठा नको म्हणाल्या, सही केली,
‘चां’वरचा अनुस्वार रकान्याबाहेर गेला.

दळवी साहेबांनी संध्याकाळी वाचलं.
‘हा शब्द नियमावलीत नाही. कल्व्हर्ट लिहा.’
मी कल्व्हर्ट लिहिलं.
घरी जाताना पुलाखाली वाकून पाहिलं :
सिमेंटचा नळ, दोन्ही तोंडं उघडी.
जेवढं जाऊ शकतं
तेवढंच येऊ शकतं.
दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आत
कल्व्हर्टपुढे पेन्सिलीनं लिहिलं : दार असलेला.

तिसाव्या दिवशी नकाशा उतरवला.
चिकटपट्टीबरोबर भिंतीचा थोडा रंग आला.
लाल रेघेजवळ एक तेलकट ठसा होता,
सुक्या मासळीचा वास असलेला.
तो पुसला नाही, तसाच गुंडाळून बेलापूरला पाठवला.
तिथं काय झालं मला माहीत नाही,
पोच आली आहे.

हल्ली मी भरतीची वेळ बघून झोपतो.
कुणी सांगितलेलं नाही, भत्ताही नाही.
आज रात्री बारा चाळीस, साडेचार मीटर.
कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे.
मी राहतो तळमजल्यावर.