पहाटेची आंब

उपकेंद्राच्या भिंतीला टेकून
रंगाच्या रिकाम्या डब्यात पानफुटी.
कोणी लावली माहीत नाही.
आधीच्या ऑपरेटरला मुतखडा होता म्हणतात.

मे महिना. शेहेचाळीस.
ट्रान्सफॉर्मरचं तेल तापतं, खडी तापते,
कुलपाला हात लावता येत नाही,
आणि पानफुटी सगळी दारं लावून बसलेली,
दुपारच्या आमच्या गल्लीसारखी.

उत्पलाला नववीच्या सुट्टीत हे खूळ लागलं.
लेंडे मॅडमनी सांगितलं होतं म्हणे,
पान सकाळी चाखा, संध्याकाळी पुन्हा चाखा.
सकाळी तिचं तोंड वाकडं झालं.
संध्याकाळी नुसतं पाणी, गवताच्या वासाचं.
"बाबा, मधात काय होते ते मले पायजे.
रातभर तुमी जागेच असता."

तर आता मी दर तासाला
अकरा केव्हीचे अँपिअर लिहितो,
तेलाचं तापमान लिहितो,
आणि नखाएवढं पान तोडून जिभेवर ठेवतो.

दहा: काही नाही.
अकरा: काही नाही. बाहेर कुत्रं.
बारा: आहे बहुतेक. की मघाचा खर्रा?
(खर्रा सोडावा लागला. प्रयोगाची अट.)
दोन: आहे.
तीनच्या सुमाराला पिंपळशेंड्याची लाइन गेली,
वारा, चिंचेची फांदी,
त्या तासाचं पान राहून गेलं.
उत्पलानं त्या चौकटीत फुली मारली,
कागद फाटेल इतक्या रागानं.

मग मला समजावलं,
माझ्याच जुन्या रजिस्टरच्या पाठीवर चित्र काढून:
पानाला बारीक तोंडं असतात, हजारो.
बाकीची झाडं ती दिवसा उघडतात,
हवा घेतात, आणि तेवढ्यात
अंगातलं पाणी उडून जातं.
ही उघडते अंधार पडल्यावर.
हवेतला कार्बन डायऑक्साइड धरते,
पण रांधायला ऊन नाही,
म्हणून त्याचं आम्ल करते
आणि पेशीच्या पोटातल्या पिशवीत भरून ठेवते.
उजाडलं की तोंडं बंद.
आतल्या आत आम्ल मोडायचं,
धरलेलं सोडवायचं, उन्हावर साखर करायची,
दार न उघडता.

"मंजे रातपाळी," मी म्हटलं.
"नाही बाबा. रातची नुसती भरणी.
खरं काम तर दिवसाच करते ते.
तुमी झोपता."

पाचला पूर्वेकडं फटफटायला लागलं.
पान जिभेवर ठेवलं
आणि मी एकदम हरभऱ्याच्या वावरात.
पौषातली थंडी.
रात्री पिकावर पसरलेलं जुनं लुगडं
माय दवासकट उचलतेय,
काचेच्या बरणीत पिळतेय,
बोटांच्या भेगांना आंब झोंबतेय,
"लांब हो," म्हणतेय,
आणि तरी एक थेंब माझ्या जिभेवर.

मॅडमना फोन लावला, सातच्या आधीच.
आम्ल कोणतं?
मॅलिक, म्हणाल्या.
आणि हरभऱ्याच्या आंबेत?
थोडा वेळ नुसता त्यांच्या कुकरचा आवाज.
तेच, म्हणाल्या. दुसरंही असतं.
पण तेही.

त्या गडबडीत माझ्याकडून चूक झाली.
गावंडे साहेबांनी परवा सरकारी लॉगबुक उघडलं,
०५:०० समोर, शेऱ्याच्या रकान्यात: आंबट.
"हे काय आहे?"
रीडिंग आहे, साहेब, मी म्हटलं.
दुसरं काही सुचलं नाही.

डब्यात आता नऊच पानं उरलीत.
एक वाऱ्यानं पडलं होतं, कधीचं,
खडीत, अर्थिंगच्या पट्टीजवळ.
त्याच्या कडेच्या खाचेतून
तांबूस, दोऱ्याएवढं काहीतरी बाहेर आलंय.

उत्पलाला अजून सांगितलं नाही.
बाटलीतलं थोडं पाणी तिथं सांडलं,
मुद्दाम नव्हे असं दाखवत,
आणि सायकल काढली.