तोक्तोसूनसाठी एक फाइल

बिश्केक, फेब्रुवारी, रात्रीचे दोन.
रेडिएटर तापलाय म्हणून खिडकी उघडी,
खिडकी उघडी म्हणून मी कोटात.
कंपायलर ओळींमागून ओळी ओकतोय
आणि मी पुढच्या नकाराची वाट बघतेय.

हिमनदीच्या ठाण्यावरचा सर्व्हर सोळा वर्षांचा.
त्यातल्या लायब्रऱ्याही तेवढ्याच जुन्या.
वर इंटरनेट नाही. दोन मशिन्स, मध्ये एक वायर,
आणि पगारावर एकच माणूस.
रेडिओवर म्हणाला, "एजे, इथे काही बसतच नाही.
एक ठेवायला गेलं की ते दुसरं मागतं,
दुसरं तिसरं मागतं,
आणि तिसरं आता जगात कुठे मिळत नाही म्हणे."

मग ठरवलं, मागायचंच नाही.
डिस्क राखणारं हे सॉफ्टवेअर,
कुणी अनोळखी माणसांनी लिहून उघड्यावर ठेवलेलं;
त्याला लागेल ते त्याच्याच पोटात भरायचं.
कॉम्प्रेशन, चेकसम, कुलपं, घड्याळ.
मीठसुद्धा शेजारून आणायचं नाही.

सोपं नव्हतं. प्रत्येक लायब्ररी सापडायची
ती उसनी देण्याघेण्यातली,
अख्खी गिळता येईल अशी नाहीच.
तीही बांधली. तिच्यासाठी आणखी एक बांधली.
चहा दोनदा गार झाला, तिसऱ्यांदा केलाच नाही.

तीन एमबीचे एक्केचाळीस झाले.
कमांड देऊन विचारलं, हिचे कोण कोण?
उत्तर आलं, हिचं कुणी नाही.
मी टाळी वाजवली. एकटीने, रात्री,
हिचं कुणी नाही म्हणून.

मग वर सरकले तर एक इशारा, मघाशी निसटलेला:
नावावरून पत्ता शोधायचा झाल्यास
चालताना तिथल्याच लायब्रऱ्या लागतील.

म्हणजे सगळं बांधून दिलं,
पण शेजारच्या मशीनला नावाने हाक मारायची
तर तिथलंच कुणीतरी हवं.
नाव काढलं. आकडा घातला. चाललं.

पेनड्राइव्ह नारीनपर्यंत मार्श्रुत्कात,
पुढे डिझेलच्या ट्रकमध्ये,
शेवटचे बारा किलोमीटर घोड्यावर, टोपीच्या अस्तरात.
नवव्या दिवशी रेडिओ खरखरला.
"एजे, चालू झालं. बर्फाचे सगळे आकडे दोन्हीकडे उतरले.
फक्त तो नंबर माझ्या ध्यानात राहत नाही,
म्हणून दुसऱ्या मशीनवर खडूने नाव लिहिलंय."
"काय लिहिलंस?"
"माझंच."

तोक्तोसून.
आधीची मुलं हाती लागली नाहीत की
आईबाप हे नाव ठेवतात: थांबू दे, टिकू दे.

मी रेडिओ बंद केला.
कधीतरी त्या पोटातल्या एखाद्या लायब्ररीत भोक निघेल,
सगळ्या जगाला दुरुस्ती पोचेल, तिला नाही.
तिचं कुणी नाही ना.
बांधण्याची कृती मी एका फाइलीत लिहून ठेवलीय.
फाइलीचं नाव: पुन्हा.