तोताराम फिरके यांचा ळ

सावद्याला, स्टेशनरोडवर,
केळीच्या पेढीची पाटी रंगवायला गेलो होतो.
फ्लेक्स उन्हानं फाटला, म्हणून माझी आठवण झाली.
खिळ्याला एक जाड तार,
तारेत ओवलेली हातभर पोस्टकार्डं,
प्रत्येकाच्या पोटात भोक.
सगळ्यात खालचं एकोणीसशे अडुसष्टचं.
"ने ना भो, कोन वाचतं आता," शेठ म्हणाले.

सगळी कानपूरहून.
तोताराम फिरके, पेढीचा माणूस,
हंगामभर तिथल्या मंडीत बसायचा,
रोज एक कार्ड टाकायचा:
वॅगन पोचली. एकोणीस घड काळे पडले.
भाव बरा. पेंढ्याची कसर करू नये.
बस, एवढंच.

पण अक्षर!
रेघ उतरताना जाड, चढताना केसाएवढी,
शिरोरेघ सुतारानं दोरी मारावी तशी.
जागा संपत आली की ओळ कडेला वळून
कारल्याच्या वेलासारखी वर जाते,
आणि कुठे खाडाखोड नाही.
चाळीस वर्षं ब्रश धरला मी,
दुकानं, ट्रकच्या पाठी, दोन निवडणुकांच्या भिंती,
असा ळ मला एकदाही जमला नाही.

ळ तर आमच्या तोंडातच नाही.
आम्ही केयं म्हणतो, जयगाव म्हणतो,
काळ्याला काया म्हणतो.
तोतारामही म्हणत असणार.
जिभेला न मिळालेलं अक्षर
त्यानं बोटांनी कमावलं,
दोन वेटोळी, बाळ्यांच्या जोडासारखी.

एका कार्डावर मात्र, सतरा मार्च,
केळीचा ळ उघडा राहिला.
खाली 'कळावे' मधलाही.
भाव त्या दिवशी चढा होता,
माल साफ उतरला होता,
लोभ असावा, वगैरे सगळं जिथल्या तिथे.
पुढची दोन कार्डं तारेत नाहीत.
तिसऱ्यावर वेटोळी पुन्हा बंद,
जरा जास्तच घट्ट.

शेठना विचारलं. ते म्हणाले, बाबांच्या वेळचा माणूस,
आपल्याला ठाव नाही.

दिवेलागणीला पाटी संपवली.
शेठ रस्त्यापलीकडे जाऊन,
मान वाकडी करून बघत राहिले.
"केयीतला तो... उघडाच रायला ना जरा?"
मी ब्रश रॉकेलात धूत होतो.
म्हटलं, वायू दे ना भो, आधी.