सतरा-ब

चार वर्षं यादीत नाव होतं
हडर्सफील्डच्या कौन्सिलकडे.
मग एका मार्चात हाती आली
उतरणीवरची अडीच गुंठे जमीन,
एक किल्ली, एक गंजका नळ,
आणि बाइंडवीड.

आपल्याकडच्या चांदवेलीची ही चुलत बहीण.
तशीच पांढरी, कर्ण्यासारखी फुलं,
तसाच लोचटपणा:
बोट दिलं की मनगट धरणार,
मनगट दिलं की गूजबेरीचं अख्खं झुडूप.

मी तिच्या मुळावरच उठले.
भाड्यानं यंत्र आणलं, दिवसभर जमीन घुसळली,
संध्याकाळी माती कशी रव्यासारखी!
फोटो काढून ताईला पाठवला.
सतरा-अ मधून नॉरिस क्रॅबट्री
मगमध्ये चमचा फिरवत बघत होता.
बोलला नाही.
मे संपता संपता कुंपणापाशी आला, म्हणाला,
'चाळीस होत्या. आता चारशे.'

कारण हिचं मूळ म्हणजे शिजलेली शेवई,
पांढरी, ओढली की तुटणारी.
नखाएवढा तुकडा मातीत राहिला
तरी तो स्वतःला अख्खी वेल समजतो.

फवाऱ्याची बाटली मी घेतली होती.
शेडमध्ये आहे अजून, सील न फोडलेली.
मागचं बारीक टायपातलं वाचत बसले.
रात्रपाळीला हेच करते मी, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये,
लेबलं वाचते,
कुणाच्या रक्तात काय उतरलंय ते मोजते.
शिवाय नॉरिसच्या पिंपातल्या तळ्यात
बेडकांनी अंडी घातली होती.

मग त्यानं शिकवलं, हप्त्याहप्त्यानं,
जसा त्याचा गुडघा परवानगी देईल तसं.
सोफ्याच्या दुकानामागचे मोठे पुठ्ठे आणायचे,
चिकटपट्ट्या सोलून काढायच्या,
भिजवून अंथरायचे, एकावर एक, सांधे झाकून,
वर पालापाचोळा, वर विटा.
उजेड बंद. दोन वर्षं.
'दोन?'
'कमीत कमी.'

कडेला बांबूच्या काठ्या रोवायच्या,
तिला खुशाल चढू द्यायचं,
मग मुलीच्या केसांतला गुंता सोडवावा तशी सोडवायची
आणि बोटं मातीत घालून मागोवा घेत जायचं,
ओढायचं नाही, विचारत विचारत जायचं.
निघेल ते कंपोस्टात नाही, बादलीत,
पाण्याखाली, झाकण लावून, घाण वास सुटेपर्यंत.
वाटेतल्या फरशांच्या फटींना
चहानंतर किटलीत उरलेलं उकळतं पाणी.

आणि बाकी सगळीकडे, दर रविवारी,
पान दिसलं की पान खुडायचं.
पानाशिवाय मूळ उपाशी.
'तिला भूक लागते,' नॉरिस म्हणाला,
'आणि आपल्याला कंटाळा येतो.
आधी कुणाला काय येतं, एवढीच मॅच आहे.'

मी त्याला सांगितलं, मराठीत याला निंदणं म्हणतात,
आणि पाठीमागे वाईट बोलण्यालाही तेच.
तो म्हणाला, इथं दोन्ही एकाच रविवारी होतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात पहिल्यांदा बटाटे आले,
लहान, पण माझे.
डबाभर त्याला द्यायला गेले
तर तो डबा हातात धरून उभाच राहिला.
'हा तुकडा पूर्वी माझाच होता,' म्हणाला.
'सतरा नंबर सगळा. अकरा वर्षं लढलो.
मग अर्धा कौन्सिलला परत केला.'
मी काही विचारलं नव्हतं.
'कंटाळा,' तो म्हणाला, 'मला आधी आला.'

आज रात्रपाळीहून परस्पर इकडेच आले.
दव होतं, पुठ्ठा पिठलं झालेला.
एका सांध्यातून एक कोंब वर आला होता,
उजेडावाचून पिवळा,
कुठे वळावं ते न ठरलेला.
खाली बसले, खुडला.
रविवार नव्हता.
बुधवार होता.