मीटर कधी कधी पडतं

आव्हाड म्हणाला, मिस्तरी, मीटर कधी कधी पडतं.
कधी कधी म्हणजे कधी?
तर विल्होळीच्या उताराला,
कसाऱ्यात तिसऱ्या वळणावर,
परवा तर द्वारकेच्या सिग्नलला, उभ्या गाडीत.
सगळे काटे एकदम झोपतात,
सगळे लाल दिवे एकदम जागे होतात
आणि मी खिडकीबाहेर बघून ठरवतो
की गाडी चालतेय.

आडगावला माझ्या शेडमध्ये आणली
तर ठणठणीत.
तासभर इंजिन चालू ठेवलं.
तपासणीला साहेब आल्यावर पोरं बसतात
तसे काटे, ताठ.

फ्यूज बघितले. चावी हलवली.
तौफिकनं डॅशवर बुक्क्या मारल्या,
आधी हळू, मग त्याच्या स्वभावाप्रमाणे.
काही नाही.
मालेगावात कुणीतरी साडेआठ हजारांना
मीटरच नवीन टाकून दिलेलं.
नवीन मीटरही कधी कधी पडायचं.

म्हटलं चल, रस्त्यावर काढ.
मी डॅशखाली उताणा,
पाय क्लीनरच्या सीटवर, दातात टॉर्च,
मल्टिमीटरची एक सुई मीटरच्या काळ्या वायरीला,
दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ओढलेली.
गतिरोधक आला की आव्हाड ओरडायचा, "आला!"
सात गतिरोधक आले. सातही वाया गेले.
ओझरच्या अलीकडे
टोमॅटोच्या क्रेटांची एक पिकअप आडवी घुसली,
आव्हाडनं शिवी आणि ब्रेक एकदम घातला,
माझ्या पोटावर शून्याचे अकरा व्होल्ट झाले
आणि वर सगळं मेलं.

म्हणजे येणारं येत होतं.
परत जायला वाट नव्हती.
मीटरला अर्थच लागत नव्हता.

बोल्ट सापडला क्लचच्या बाजूला, आतल्या पत्र्यावर.
घट्ट होता.
घट्टच होता, म्हणून कुणी खोलला नव्हता.
वॉशरखाली निळा रंग, चकचकीत.
"दसऱ्याला केबिन रंगवली," आव्हाड म्हणाला,
"आतून-बाहेरून तीन हात. पोरीनं मागं मोर काढला."
रंगावर वॉशर, वॉशरवर बोल्ट,
आणि मधल्या कुठल्याशा एका ओरखड्यावर
वर्षभर अठरा टन.

पॉलिश पेपरनं रुपयाएवढा रंग काढला.
पत्रा उघडा पडला, लख्ख,
थोडा लाजल्यासारखा.
ग्रीस लावलं, आवळलं. दहा मिनिटांचं काम.
शोधायला सव्वा दिवस.

आव्हाड वही काढून हिशेब जुळवत होता.
"मीटर पडलेलं असताना जे चाललो,
ते किलोमीटर कुठं गेले?"
मोजले नाही गेले, म्हटलं.
"टायर तर झिजले."
तौफिक हसला. मला हसता आलं नाही.
पाचशे सांगितले, त्यानं न घासता दिले.

फाटकातून निघताना दिसलं,
सवयीनं त्यानं डॅशवर एक थाप मारली.
काटे जागचे हलले नाहीत.
त्यानं पुन्हा एकदा मारली.